अळी मरते, मग माणसाला काही होत नाही?

बीटी कापसाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ज्या पऱ्हाटीचं पान खाऊन अळी मरते, त्याच पऱ्हाटीच्या सरकीचं तेल निघतं. तेल फरसाणात जातं, पेंड म्हशीपुढे जाते आणि म्हशीचं दूध आपल्या चहात येतं. मग जे अळीला मारतं, ते आपल्याला कसं चालतं?

प्रश्न रास्त आहे. ‘ते विष फक्त अळीवरच चालतं’ एवढंच उत्तर दिलं तर कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. म्हणून जरा मागून सुरुवात करू. जनुक म्हणजे काय, ते एका सजीवातून दुसऱ्यात कसं नेतात, त्यातून काय मिळालं आणि काय बिघडलं, या क्रमानं जाऊ. सोबतीला कापूसच घेऊ, कारण भारतात शेतकऱ्यांच्या हाती कायदेशीररीत्या पोचलेलं परक्या जनुकाचं पीक तेवढं एकच आहे.

१. विणकामाची वही

स्वेटर विणणाऱ्या बाईकडे नमुन्यांची एक वही असते. एका पानावर वेलीचा नमुना, दुसऱ्यावर वेणीचा. वर्णन मात्र दोनच टाक्यांत: सुलट आणि उलट. त्यांचा क्रम बदलला की नक्षी बदलते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत अशीच एक वही असते. तिचं नाव डीएनए. तिच्यात टाके दोन नाहीत, चार आहेत. चार रसायनांची ती चार अक्षरं. वहीतलं एक पान म्हणजे एक जनुक, आणि त्या पानावरून जे विणलं जातं ते बहुतेक वेळा एक प्रथिन. पानांचा हिरवा रंग, मिरचीचा तिखटपणा, गव्हाच्या कणकेचा चिवटपणा या सगळ्यांमागे प्रथिनांचंच काम असतं.

इथली खरी गंमत पुढे आहे. जिवाणू असो, कापूस असो की माणूस, टाक्यांची भाषा जवळपास सगळ्यांची एकच. नागपूरच्या बाईनं लिहिलेला नमुना पणजीची बाई विणू शकते, तसं जिवाणूच्या वहीतलं पान कापसाच्या पेशीला वाचता येतं. ही भाषा एक नसती तर या प्रकरणाला विषयच उरला नसता.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक सूचनाही असते: हा नमुना केव्हा विणायचा, कुठे विणायचा आणि किती. डोळ्याच्या पेशीतही नखाचं पान असतं, पण तिथे त्याची सूचना ‘विणू नका’ अशी असते. शास्त्रज्ञ नवं पान घालतात तेव्हा ही सूचनाही सोबत जोडावी लागते. फ्लॉवरच्या भाजीवर रोग आणणाऱ्या एका विषाणूकडून घेतलेली ‘सगळीकडे, सतत विणा’ अशी सूचना अनेक पिकांत वापरली गेली.

२. मग आजवर काय चाललं होतं?

‘निसर्गात ढवळाढवळ’ हा आक्षेप ऐकला की शेतीचा इतिहास आठवावा. आजचं मक्याचं कणीस त्याच्या जंगली पूर्वजाशेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. चांगलं कणीस बियाण्याला ठेवायचं, बाकीचं खायचं, एवढ्या एका सवयीनं हजारो वर्षांत हा बदल घडला.

पुढचं पाऊल संकराचं. दोन वाणांचा संकर म्हणजे दोन जाड वह्यांची पानं पिसून नवी वही बांधणं. हवं ते पान येतं, त्यासोबत नको असलेलीही हजारो येतात. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. भारत तेव्हापासून संकरित कापसाचा देश झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिची गरज पडणार आहे.

तिसरी वाट किरणांची. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणांचा मारा करून वहीत जागोजाग आंधळे बदल घडवतात, मग हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडतात. ‘टीएजी-२४’सारखे भुईमुगाचे वाण या संशोधनातून आले. त्या शेंगांवर ‘किरणांनी बदललेल्या’ अशी चिठ्ठी कुणी लावली नाही, कुणी मागितलीही नाही.

जनुकीय अभियांत्रिकीचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक, ती अख्खी वही न पिसता एखाददुसरं ठरावीक पान घालते. दोन, ते पान कुठल्याही सजीवाच्या वहीतून आणता येतं. पहिल्या गोष्टीमुळे ती जुन्या पद्धतींपेक्षा नेमकी ठरते, दुसरीमुळे तिला जास्त कडक तपासणी लागते.

३. कोकिळेचं अंडं

पान घालायचं तर पेशीत शिरायचं कसं? ही युक्ती माणसानं शोधलेली नाही, उचललेली आहे.

गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या बुंध्याशी कधीकधी ओबडधोबड गाठ येते. ती आणतो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू. तो झाडाच्या जखमेतून आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या वहीत शिवला जातो आणि झाड मुकाट्यानं जिवाणूचं खाद्य तयार करू लागतं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते आपलं समजून उबवतो, तसाच हा प्रकार.

१९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जिवाणूचा डीएनए खरोखरच झाडाच्या पेशीत मुक्कामाला जातो. तिथून कल्पना सुचली: घरट्यातलं कोकिळेचं अंडं काढून तिथे आपल्याला हवं ते अंडं ठेवलं तर? १९८३ मध्ये बेल्जियममधल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी हे साधल्याचं जाहीर केलं. गाठ आणणारी जनुकं काढून टाकलेला जिवाणू नुसता हमाल उरला. पाठीवर द्याल ते जनुक तो पेशीत पोचवतो.

आता आपल्या उपवासाच्या ताटाकडे या. २०१५ मध्ये जगभरच्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या प्रत्येकात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए शिवलेला सापडला. माणसाला जनुक हा शब्द सुचण्याच्या कितीतरी आधी हे घडलं. म्हणजे आषाढी एकादशीला आपण जे रताळं खातो, त्यात निसर्गानंच परकं जनुक घातलेलं आहे. याचा अर्थ सगळीच परकी जनुकं निरुपद्रवी, असा होत नाही. ‘परकं जनुक आलं की अन्न बाटलं’ हे म्हणणं टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

४. अक्षता आणि चाळणी

तांदूळ, मका, गहू ही पिकं सुरुवातीला या हमालाला दाद देत नव्हती. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात भलताच उपाय काढला. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनए माखायचा आणि ते कण बंदुकीनं थेट पेशींवर झाडायचे. पहिले प्रयोग कांद्याच्या पेशींवर झाले. लग्नात मूठमूठ अक्षता उडतात, पण नवरानवरीच्या डोक्यावर मोजक्याच पडतात. इथेही लाखो कणांतले थोडेच नेमक्या जागी पोचतात आणि त्यांतलीही थोडीच जनुकं वहीत शिवली जातात.

मग त्या मोजक्या पेशी ओळखायच्या कशा? हव्या त्या जनुकासोबत एक खुणेचं जनुक पाठवतात, उदाहरणार्थ एखादं प्रतिजैविक पचवणारं. मग सगळ्या पेशी त्या प्रतिजैविकात ठेवल्या की ज्यांच्यात नवं पान शिरलं त्याच जगतात. ही झाली चाळणी. उरलेल्या पेशींपासून बाटलीत रोप वाढवतात. जळगावच्या केळीमुळे आपल्याला ठाऊक झालेलं टिश्यू कल्चर ते हेच.

कापसाची इथे एक अडचण होती. फारच थोडे वाण बाटलीत पेशीपासून रोप होऊ देतात. ‘कोकर-३१२’ हा अमेरिकी वाण त्यांपैकी एक. म्हणून बीटीचं जनुक आधी त्याच्यात घातलं गेलं. १९९६ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीनं त्याचं १०० ग्रॅम बियाणं भारतात आणलं आणि नेहमीच्या संकर पद्धतीनं ते जनुक भारतीय वाणांत उतरवलं. प्रयोगशाळेतलं काम संपल्यावर उरलेलं सगळं काम जुन्याच पद्धतीनं, परागकण हातानं लावून झालं.

५. अळीचं पोट, आपलं पोट

आता मूळ प्रश्नाकडे. बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूच्या नावाचं लघुरूप. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाचे किडे मरू लागले, तेव्हा त्याचा पहिला शोध लागला. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या पतंगांच्या अळ्यांत तो पुन्हा सापडला आणि त्या प्रांताचं नाव त्याला चिकटलं. १९३८ पासून त्याची भुकटी कीडनाशक म्हणून विकली गेली. सेंद्रिय शेतीतही बीटीची फवारणी चालते.

हा जिवाणू ‘क्राय’ नावाच्या प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीनं ते गिळलं की तीन गोष्टी क्रमानं घडतात. अळीचं पोट आपल्यासारखं आंबट नसतं, साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी असतं. त्यात स्फटिक विरघळतो. मग अळीचे पाचक रस प्रथिनाची टोकं कापून ते कामाला तयार करतात. शेवटी हे प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या एका विशिष्ट जागेला, किल्ली कुलपात बसावी तसं जाऊन बसतं. तिथे भोक पडतं, पेशी फुटतात, अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते.

आपल्या पोटात काय होतं? जठर आम्लानं भरलेलं असतं; डाळीतल्या प्रथिनासारखं हेही प्रथिन तिथे तुटतं. त्यातून काही वाचलंच तर बसायला कुलूप नाही. माणूस, म्हैस, कोंबडी यांच्या आतड्यात ती जागाच नसते. मधमाशी कीटक असूनही कापसातल्या या प्रथिनाची किल्ली तिला लागत नाही, कारण ते पतंगवर्गाच्या अळ्यांचं कुलूप आहे. आणि शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही.

चॉकलेट आपण खातो, कुत्र्याला मात्र ते बाधतं. विष कुणाला आणि किती, हे दोन शब्द जोडल्याशिवाय ‘विष’ या शब्दाला पुरता अर्थ येत नाही.

‘मग जनुक तरी आपल्या अंगात शिरेल का?’ हा पुढचा प्रश्न. मेथीची भाजी खाताना आपण मेथीची लाखो जनुकं खातो. आजवर कुणाला हिरवी पानं फुटलेली नाहीत.

६. पपई, तांदूळ, वांगं

उपयोगांची यादी लांब आहे, तीन उदाहरणं पुरेत.

हवाई बेटांवरच्या पुना भागात १९९२ मध्ये पपईवर रिंगस्पॉट विषाणू आला आणि बागा उजाडू लागल्या. हवाईतच जन्मलेले डेनिस गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी विषाणूच्या कवचाचं जनुक पपईत घालण्यावर आधीपासून काम करत होते. झाडाला शत्रूची तोंडओळख आधीच झाली आणि खरा विषाणू आला तेव्हा ते सावध होतं. १९९८ पासून ‘रेनबो’ पपई शेतकऱ्यांच्या हाती गेली आणि तिथला पपईचा धंदा वाचला.

दुसरं उदाहरण सोनेरी तांदळाचं. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानं मुलं आंधळी होतात. पांढऱ्या भातात ते नसतं. २००० मध्ये इंगो पोट्रिकुस आणि पीटर बेयर यांनी डॅफोडिल फुलाचं आणि एका जिवाणूचं जनुक घालून दाण्यात गाजराचा पिवळा पदार्थ आणला. पुढे डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक आलं आणि प्रमाण कितीतरी वाढलं. फिलिपिन्सनं २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली, २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती थांबवली. गरज खरी, तंत्र तयार, तरी पाव शतक गेलं.

तिसरं उदाहरण घरचं. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी शेतकरी पुन्हापुन्हा फवारतो आणि ते वांगं बाजारात येतं. बीटी वांगं भारतात तयार झालं. अंतिम निर्णयाआधी सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांतली एक नागपूरला. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशनं आपल्या चार स्थानिक वाणांत उतरवलं आणि जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपं दिली. ते वाण संकरित नसल्यानं शेतकरी बी घरी धरू शकतो.

७. एक टाका बदलणं

२०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पान्तिये आणि जेनिफर डाउडना यांनी ‘क्रिस्पर’ हे साधन मांडलं. २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यात नवं पान घालावंच लागत नाही. वहीतलं नेमकं पान शोधून त्यातला एखादा टाका उसवता किंवा बदलता येतो. किरणांच्या माऱ्यातही टाकेच बदलत होते, पण कुठले, यावर ताबा नव्हता.

भारतानं २०२२ मध्ये परकं जनुक न उरणाऱ्या अशा संपादित पिकांना नेहमीच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांचे असे दोन भात जाहीर झाले. सांबा मसुरीवरून केलेला ‘कमला’ आणि एमटीयू-१०१० वरून केलेला ‘पुसा डीएसटी राइस-१’. पहिल्यात लोंबीतले दाणे वाढावेत हा हेतू, दुसऱ्यात खारपड आणि दुष्काळ सोसावा हा.

८. धोके: चार वेगळी खाती

‘धोका आहे की नाही?’ असा एकच प्रश्न विचारला तर भांडण होतं, उत्तर मिळत नाही. धोक्यांची खाती वेगळी करावीत.

खाण्याचा धोका. सोयाबीनमधलं प्रथिन अधिक कसदार व्हावं म्हणून एका अमेरिकी कंपनीनं त्यात ब्राझील नटचं जनुक घातलं. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तावर चाचणी केली, तर अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिनच सोयाबीनमध्ये आलेलं निघालं. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे सोयाबीन बाजारात आलंच नाही. धोका खरा होता आणि चाचणीनं तो पकडला. दुसरी गोष्ट उलट दिशेची. फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मान्यता असलेला ‘स्टारलिंक’ मका २००० मध्ये अमेरिकेत माणसांच्या खाण्यात सापडला आणि माल परत घ्यावा लागला. कागदावर वेगळी ठेवलेली पोती गोदामात वेगळी राहत नाहीत.

परागकणांचा धोका. वाऱ्याला आणि मधमाशीला बांध कळत नाही. आसपास पिकाचे जंगली किंवा स्थानिक नातलग असतील तर जनुक त्यांच्यात जाऊ शकतं. आपल्याकडचा देशी कापूस आणि अमेरिकी कापूस यांचा सहजी संकर होत नाही, त्यामुळे तिथे काळजी कमी. वांग्याचं मात्र भारत हे माहेर. रानवांगी आणि शेकडो स्थानिक वाण इथे आहेत, म्हणून तिथे काळजी जास्त. मोहरीचाही वाद असाच लांबला. ‘डीएमएच-११’ या परक्या जनुकाच्या मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी समितीनं हिरवा कंदील दाखवला, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं विभागली.

तणांचा धोका. तणनाशक सोसणारं पीक पेरलं की शेतभर तणनाशक फवारता येतं. तण मरतं, पीक राहतं. अमेरिकेत १९९६ पासून असं सोयाबीन आलं. एकच औषध वर्षानुवर्षं मारल्यावर त्यालाच न जुमानणारी तणं वाढली. त्यांतलं सगळ्यात चिवट तण आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातलं आहे. विदर्भात असा कापूस ‘चोर बीटी’ म्हणून विनापरवाना पेरला जातो. निंदणाची मजुरी परवडत नाही, वेळेवर माणूस मिळत नाही, हे शेतकऱ्याचं दुखणं खरं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो उघडपणे पेरून सत्याग्रहच केला. पण निंदणाच्या मजुरीवर ज्या बायांचं घर चालतं, त्यांचा हिशेब या वादात क्वचितच मांडला जातो. आणि चोरून आलेल्या बियाण्याची पावती नसते, त्यामुळे ते उगवलं नाही तर दाद कुठे मागणार?

खिशाचा धोका. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत बीटी कापसाचं ४५० ग्रॅमचं पाकीट सुमारे १,६०० रुपयांना होतं, त्यात मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं तक्रार केली आणि भाव निम्म्याच्या आसपास आले. ‘बीटीचं बी उगवतच नाही’ ही समजूत मात्र चुकीची आहे. ते उगवतं, पण पहिल्या पिढीचा जोम पुढच्या पिढीत राहत नाही. ती संकराची मर्यादा आहे, बीटीची नाही.

९. एक जनुक, दोन शेतं

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. तेव्हा देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघत होती. २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या आसपास गेली. यात गुजरातचं पाणी, नवी औषधं, खतं यांचाही वाटा होता, पण हिरव्या बोंडअळीच्या तावडीतून कापूस सुटला हे खरं. पुढे उत्पादन वाढायचं थांबलं. गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही हे २०१० मध्ये गुजरातेतून समोर आलं. २००६ मध्ये आलेलं दोन जनुकांचं बीटीही काही वर्षांत तिच्यापुढे दुबळं पडलं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत अळी दिसत होती.

असं का झालं? त्याचा हिशेब घरीच करून पाहू.

समजा, बीटीच्या शेतातून विषाला न जुमानणारे दोनच पतंग वाचले. ही ताकद आई आणि बाप दोघांकडून आली तरच अळी वाचते, एकाकडून आली तर मरते. शेजारी साध्या कापसाच्या ओळी असतील आणि त्यांतून ५०० साधे पतंग उडाले, तर या दोघांना स्थळं साध्यांचीच मिळणार. पोरं बीटी खाऊन मरणार. साध्या ओळीच नसतील तर हे दोघे एकमेकांशीच लग्न लावणार आणि पोरं सगळी वाचणार. म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी येत असे. ती बांधाकडेला पेरायची, म्हणजे अळ्यांसाठी मुद्दाम पोसलेलं पीक. दोन-चार एकराच्या कोरडवाहू धन्याला हे कुठून परवडणार? बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत.

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो सगळं चालतं. तिच्या साध्या सोयरिकी आपोआप टिकल्या. गुलाबी अळी आपल्याकडे जवळपास कापसावरच जगते. तिला दुसरा आसरा नव्हता.

आता एच-४ आठवा. संकरित बियाण्यात बीटीचं पान आई-बापांपैकी एकाच बाजूनं आलेलं असतं. त्या झाडाच्या निम्म्या बीजांडांत ते पान असतं, निम्म्यांत नसतं, परागकणांचंही तसंच. दोन गुणिले दोन, चार जोड्या. त्यांतल्या तिघींत पान येतं, एकीत येत नाही. म्हणजे एकाच बोंडातल्या चार सरक्यांपैकी सरासरी एक बिनविषाची. गुलाबी अळी सरकीच खाते. एकीत विष, दुसरीत नाही, अशा मिश्र खाण्यावर ताकद एकाच बाजूनं आलेली अळीही तगू शकते आणि ती ताकद पुढच्या पिढ्यांत पसरत जाते. दोन जनुकं असली की हिशेब लांबतो, तत्त्व तेच राहतं. त्यात आपले वाण लांब मुदतीचे, आणि पाणी असेल तिथे फरदड, म्हणजे वेचणीनंतरचं वाढीव पीक, घेऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी. अळीला वर्षभराचं बिऱ्हाड मिळालं.

आता दुसरं शेत पाहा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अ‍ॅरिझोनात हीच अळी होती आणि १९९६ पासून हेच जनुक. तिथे वाण संकरित नव्हते, त्यामुळे सगळ्या सरक्या सारख्या. पहिली दहा वर्षं साध्या कापसाचा वाटा काटेकोर पाळला गेला. मग सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून मोहीम काढली: बीटी कापूस, पतंगांना चकवणारा कामगंध, पीक संपल्यावर नांगरट आणि विमानातून सोडलेले कोट्यवधी वांझ पतंग. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी आपल्या कापसातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

त्याच सुमारास आपल्याकडे कृषी खातं डोमकळ्या, म्हणजे अळी शिरून मिटलेली फुलं, वेचून नष्ट करा असं शेतकऱ्यांना सांगत होतं.

१०. बातमी वाचताना

म्हणून नव्या पिकाची बातमी आली की ‘जीएम चांगलं की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि चार प्रश्न विचारावेत. कुठलं जनुक, आणि त्यातून बनणारं प्रथिन आपण खातो का, तपासलं का? आसपास त्या पिकाचे नातलग वाढतात का? बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल की घरी धरता येईल? आणि कीड किंवा तण त्याला सरावलं तर पुढची योजना कुणाकडे आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळा देते आणि तिचं काम बहुतेक वेळा चोख असतं. उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सरकार, कंपनी आणि शेतकरी मिळून द्यायची असतात. आपल्या कापसात तीच द्यायची राहिली. आणि तुमच्याकडे यंदा कापूस असेल, तर शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटी उभी ठेवू नका. फरदडीचे दोन पैसे हाती येतात, पण पुढच्या हंगामाची अळी त्याच पऱ्हाटीवर वाढत असते.